छळकथेचा आकृतिबंध आणि सत्तेचे स्थान : पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजाच्या छळाच्या दाव्याची चिकित्सा

१

पाश्चात्त्य देशांतील ख्रिस्ती लोकांचा खरोखर धार्मिक छळ होतो काय, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा न्यायशास्त्राचा मानला जातो. तथापि छळ ही केवळ घडणारी घटना नसते; ती सांगितली जाणारी कथाही असते. ख्रिस्ती परंपरेत तर ही कथा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून जवळजवळ अठरा शतके नांदत आली आहे. एखाद्या समूहाने स्वतःच्या अनुभवाला ‘छळ’ हे नाव दिले की तो अनुभव एका पूर्वसिद्ध आकृतिबंधात जाऊन बसतो. त्या आकृतिबंधातील पात्रे, प्रसंग आणि शेवट आधीच ठरलेले असतात. म्हणून या दाव्याची तपासणी करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे ठरते. प्रत्यक्षात काय घडले हा एक प्रश्न आहे आणि ते कोणत्या कथेच्या साच्यात सांगितले गेले हा दुसरा.

येथे मराठी संज्ञांचा विचार उपकारक ठरतो. ‘छळ’ हा शब्द संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट या शब्दावरून आला. मराठीत त्याचा अर्थ कपटाकडून पीडेकडे सरकला. ‘जाच’ या शब्दात घरातील, नात्यातील, रोजची पीडा अभिप्रेत असते, तर ‘बहिष्कार’ या शब्दात समूहाने केलेले वर्जन. इंग्रजीतील रूढ संज्ञेच्या लॅटिन मुळाशी पाठलागाची कल्पना आहे. ‘हुतात्मा’ या शब्दाला यज्ञाची आणि पुढे राष्ट्रीय लढ्याची पार्श्वभूमी आहे. मराठी ख्रिस्ती लेखनातील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द मात्र मूळ ग्रीक कल्पनेला अधिक जवळचा आहे, कारण ग्रीकमध्ये त्या शब्दाचा मूलार्थ ‘साक्षीदार’ एवढाच होतो. साक्षीदार म्हटला की न्यायासन आले, प्रश्न आला, उत्तर आले. छळकथेच्या रचनेचे बीज या एका शब्दात आहे.

२

हा दावा आज परिघावर राहिलेला नाही, हे प्रथम नोंदवायला हवे. अमेरिकेत ‘पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट’ने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत गौरवर्णीय इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी ५७ टक्के लोकांनी ख्रिस्ती लोकांना मोठ्या प्रमाणावर भेदभाव सोसावा लागतो असे सांगितले, मुसलमानांबाबत तसे सांगणारे याच गटातील लोक ४४ टक्के होते. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ख्रिस्तीविरोधी पूर्वग्रहाच्या निर्मूलनासाठी एक कार्यकारी आदेश काढला आणि न्याय खात्यात त्यासाठी कृतिदल नेमले. ज्या देशाची सर्वोच्च कार्यकारी सत्ता एखाद्या समूहाच्या गाऱ्हाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारते, त्या देशात तो समूह छळग्रस्त आहे हे विधान निदान विरोधाभासात्मक ठरते. परंतु विरोधाभास म्हणजे खंडन नव्हे. बहुसंख्य समाजातील एखाद्या व्यक्तीवर अन्याय होऊ शकत नाही, असे तर्कतः कोठेही सिद्ध होत नाही.

या चर्चेतील गोंधळाचे मुख्य कारण असे की, तीन भिन्न अनुभव एकाच शब्दाखाली आणले जातात. पहिला अनुभव हिंसेचा. २६ जुलै २०१६ रोजी फ्रान्समधील सँत-एतिएन-द्यु-रूव्ह्रे येथे वृद्ध धर्मगुरू झाक हामेल यांची चर्चमध्ये मिस्सा चालू असताना हत्या झाली. २९ ऑक्टोबर २०२० रोजी नीस येथील बॅसिलिकात तीन जणांचा बळी गेला. या घटना निःसंशय धर्मद्वेषातून घडलेल्या आहेत. दुसरा अनुभव कायद्याने वा नोकरीच्या नियमांनी घातलेल्या मर्यादेचा. तिसरा अनुभव अग्रस्थान गमावल्याचा : शाळेतील प्रार्थना, रविवारची सार्वत्रिक सुट्टी, विवाहाची एकमेव मान्य व्याख्या या गोष्टी गृहीत धरता येईनाशा झाल्याचा. पहिल्या अनुभवाचे नैतिक वजन तिसऱ्या अनुभवाला उसने देणे, हे या वादातील नित्याचे तंत्र आहे. उलट पक्षाचे तंत्रही तितकेच परिचित आहे : तिसऱ्या अनुभवाचा उपहास करून पहिल्या दोहोंकडे डोळेझाक करणे.

३

ख्रिस्ती छळकथेचा आद्य आकृतिबंध न्यायालयीन आहे. अधिकारी प्रश्न विचारतो, आरोपी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगतो, अधिकारी त्याला नकाराची संधी देतो, आरोपी ती नाकारतो आणि शिक्षा होते. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेतुआ आणि फेलिसितास यांच्या वृत्तांतात हा साचा तुरुंगातील स्वप्ने, पित्याची विनवणी आणि तान्ह्या मुलाची ओढ यांनी समृद्ध झालेला दिसतो. या रचनेचा गाभा असा की, सुटकेचा मार्ग एका शब्दाच्या अंतरावर असतो. श्रद्धा नाकारली तर शिक्षा टळते. म्हणजे शिक्षा कृत्याची नसून श्रद्धेची आहे, हे कथा स्वतःच सिद्ध करते.

रोमन काळातील छळाचे स्वरूप काय होते, याविषयी कँडिडा मॉस यांनी ‘द मिथ ऑफ पर्सिक्यूशन’ (२०१३) या ग्रंथात मूलगामी प्रश्न उपस्थित केले. साम्राज्यव्यापी, योजनाबद्ध छळ अल्पकाळच झाला. अनेक वृत्तांत उत्तरकालीन आहेत. छळाचे अखंड पर्व ही नंतरच्या चर्च-इतिहासकारांची निर्मिती आहे, असे त्यांचे प्रतिपादन. संहितांच्या कालनिर्णयाबाबत या ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे. परंतु मॉस तेथून आजच्या अमेरिकी राजकीय भाषेकडे वळतात, तेव्हा युक्तिवादाचा एक दुवा निसटतो. एखाद्या परंपरेच्या आद्यकथा अतिशयोक्त होत्या, यावरून तिचा आजचा दावा खोटा ठरत नाही. आद्यकथा अक्षरशः खऱ्या असत्या, तरी आजचा दावा खरा ठरला नसता. शिवाय इ. स. २५० च्या सुमारास डेशियसच्या आज्ञेने आणि ३०३ पासून डायोक्लेशियनच्या काळात जे झाले, ते अल्पकालीन असले तरी सोसणाऱ्याच्या दृष्टीने पुरेसे होते. आकृतिबंधाची कुळी शोधल्याने त्याची ओळख पटते; पण त्याच्या आजच्या वापराची सत्यता मात्र आजच्या पुराव्यावरच ठरवावी लागते.

या आकृतिबंधाच्या युरोपीय प्रवासात निर्णायक ठरलेला ग्रंथ म्हणजे जॉन फॉक्स यांचा १५६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला, ‘हुतात्म्यांचे पुस्तक’ म्हणून ओळखला जाणारा बृहद्ग्रंथ. मेरी ट्यूडरच्या राजवटीत १५५५ ते १५५८ या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. फॉक्स यांनी त्यांच्या चौकशा, उत्तरे आणि अंत्यक्षण काष्ठचित्रांसह नोंदवले. येथे छळणारा रोमन मूर्तिपूजक नसून ख्रिस्ती राज्यकर्ता आहे, हा पहिला पालट. दुसरा पालट अधिक लक्षणीय आहे. १५७१ मध्ये हा ग्रंथ इंग्लंडमधील कॅथिड्रलांत ठेवण्याचे फर्मान निघाले. ज्यांची कथा तुरुंगात घडली होती, त्यांची कथा आता राजसत्तेच्या आश्रयाने वाचली जाऊ लागली. याच राजसत्तेने १५८१ मध्ये जेझुइट एडमंड कँपियन यांना टायबर्न येथे मृत्युदंड दिला आणि १५८५ च्या कायद्याने जेझुइट धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये केवळ असणे हाच राजद्रोह ठरवला. छळाची स्मृती जपणे आणि छळ करणे या दोन क्रिया एकाच संस्थेत सुखेनैव एकत्र नांदू शकतात, हे फॉक्सच्या ग्रंथाच्या इतिहासातून दिसते.

या इतिहासाचा एक धागा थेट मराठी वाङ्मयापर्यंत येतो. इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे झालेल्या काळात मायदेश सोडलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्या धर्माच्या उपासकाला इंग्लंडमध्ये लपावे लागत होते, त्याच धर्माच्या नावाने गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ चालत होते आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले; त्यानंतर वाटाघाटीसाठी बोलावलेल्या तेथील गावकऱ्यांना पोर्तुगीजांनी ठार केले. रोमने १८९३ मध्ये त्या पाच जणांना धन्य घोषित केले. कुंकळ्ळीत गावकऱ्यांचेही स्मारक उभे आहे. एकाच स्थळी, एकाच वर्षी, दोन हौतात्म्यकथा. धर्म तोच असला तरी सत्तेचे स्थान बदलताच कथेतील पात्रांची अदलाबदल होते, हे सूत्र समजण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

४

आजच्या पाश्चात्त्य छळकथेचे मुख्य रंगस्थळही न्यायालयच आहे. तिच्या संहिता म्हणून निकालपत्रांचे वाचन केल्यास साच्याचे आणि वस्तुस्थितीचे अंतर स्पष्ट होते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी ‘एवेडा आणि इतर विरुद्ध युनायटेड किंग्डम’ या प्रकरणात चार ब्रिटिश ख्रिस्ती अर्जदारांचा एकत्र निर्णय दिला. गळ्यातील छोटा क्रूस दिसू देण्यास विमानकंपनीने मनाई केलेल्या कर्मचारी स्त्रीचा अर्ज पाच विरुद्ध दोन मतांनी मान्य झाला आणि तिला २,००० युरोंची भरपाई मिळाली. रुग्णालयात सुरक्षेच्या कारणास्तव क्रूस काढण्यास सांगितलेल्या परिचारिकेचा अर्ज फेटाळला गेला. समलिंगी जोडप्यांच्या भागीदारीची नोंदणी करण्यास नकार देणाऱ्या निबंधकाचा आणि अशा जोडप्यांना लैंगिक समुपदेशन देण्याबाबत तयारी न दर्शवणाऱ्या समुपदेशकाचा अर्जही फेटाळला गेला.

या चार कथा जाहीर चर्चेत बहुधा एकच कथा म्हणून सांगितल्या जातात. परंतु त्यांच्यात मूलभूत फरक आहे. पहिल्या कथेत श्रद्धेच्या निरुपद्रवी आविष्काराला मज्जाव झाला आणि न्यायालयाने तो अन्याय म्हणून ओळखला. दुसरीत श्रद्धेशी असंबद्ध अशा कारणाने मर्यादा आली. तिसऱ्या व चौथ्या कथेत मात्र अर्जदार सेवा देणाऱ्याच्या, अंशतः अधिकाराच्या, जागी उभा आहे; न्यायासनासमोर तो आरोपी दिसत असला, तरी कचेरीच्या खिडकीपाशी तोच दुसऱ्याला होकार वा नकार देणारा होता. पर्पेतुआच्या वृत्तांताचा साचा येथे पूर्णतः बसत नाही. येथे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत आलेल्या आहेत. अशा व्यक्तीच्या सद्सद्विवेकाची वेदना खोटी म्हणता येणार नाही. परंतु तिला छळ म्हटल्यास खिडकीपलीकडील व्यक्ती कथेतून अदृश्य होते.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ४ जून २०१८ रोजी ‘मास्टरपीस केकशॉप’ प्रकरणात केकविक्रेत्याच्या बाजूने सात विरुद्ध दोन असा निर्णय दिला. त्याचा आधार मर्यादित होता : कोलोराडोच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी वैरभाव दाखवला होता. सेवा नाकारण्याच्या व्यापक हक्काचा निर्णय न्यायालयाने दिला नाही. तरीही राज्याच्या यंत्रणेत वैरभाव असू शकतो, ही गोष्ट या निकालाने अधिकृतपणे नोंदवली. इंग्लंडमधील बोर्नमथ येथे गर्भपात केंद्राभोवतीच्या प्रतिबंधित परिघात मूकपणे प्रार्थना करणाऱ्या एका व्यक्तीला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरवण्यात आले, ते उदाहरण अधिकच अस्वस्थ करणारे आहे. परिघाचा हेतू केंद्रात येणाऱ्या स्त्रियांना दडपणापासून वाचवण्याचा आहे आणि तो वैध आहे. पण उच्चाररहित प्रार्थनेपर्यंत कायद्याचा हात पोहोचतो, तेव्हा कृत्य आणि अंतःकरण यांच्यातील सीमारेषा धूसर होते. छळाचा दावा अमान्य करणाऱ्यांनी या उदाहरणाला बगल देऊ नये.

दुसऱ्या बाजूने ‘लाउत्सी विरुद्ध इटली’ हे प्रकरण पाहावे. सरकारी शाळेच्या वर्गातील क्रूसमूर्तीला घेतलेली हरकत २००९ मध्ये मान्य झाली; १८ मार्च २०११ रोजी मोठ्या पीठाने पंधरा विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय फिरवला आणि भिंतीवरील क्रूसाला मूलतः निष्क्रिय चिन्ह मानले. याच न्यायालयाने २००१ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका मुसलमान शिक्षिकेच्या शिरोवस्त्राला प्रभावी बाह्य चिन्ह ठरवून तिचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला होता. भिंतीवर असलेले चिन्ह निष्क्रिय आणि डोक्यावर असलेले प्रभावी, या दोन विशेषणांतील अंतर म्हणजेच अग्रस्थानाचे मोजमाप होय. ज्याचे चिन्ह वातावरणाचा भाग समजले जाते, त्याच्या चिन्हाला ‘चिन्ह’ म्हणून पाहिले जाऊ लागणे हीच त्याला पदच्युती वाटते. तिसऱ्या प्रकारच्या अनुभवाचे मूळ येथे आहे.

५

या दाव्याची चिकित्सा बाहेरूनच करावी लागते असे नाही. ख्रिस्ती वाङ्मयपरंपरेने स्वतःच तिची साधने घडवली आहेत. टी. एस. एलियट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ (१९३५) या नाटकात आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्यापुढे चार मोहक येतात. पहिले तीन मोह सुखाचे आणि सत्तेचे आहेत. चौथा मोह हौतात्म्याच्या कीर्तीचाच आहे. छळाची इच्छा करणे हे छळ टाळण्याइतकेच, किंबहुना अधिक, आत्मघातक ठरू शकते, ही जाणीव नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. परंतु एलियट तेथे थांबत नाहीत. हत्येनंतर मारेकरी सरदार प्रेक्षकांकडे वळून गद्यात, समंजस, व्यवहारी भाषेत आपल्या कृत्याचे समर्थन करतात. म्हणजे नाटक दोन इशारे देते : पीडिताच्या भाषेत मोह असू शकतो आणि पीडा नाकारणाऱ्याच्या भाषेत वाजवीपणाचा मुखवटा असू शकतो. आजच्या वादातील दोन्ही पक्षांना हे नाटक अडचणीत आणते, म्हणूनच ते या वादासाठी उपयुक्त आहे.

दुसरे साधन भयाचे आहे. १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये कोंपिएन्यच्या सोळा कार्मेल जोगिणींचा शिरच्छेद झाला. गेरट्रूड फोन ल फोर्ट यांनी १९३१ च्या आपल्या कथेत या सत्यघटनेत ब्लांश हे कल्पित पात्र घातले. जॉर्ज बेर्नानोस यांच्या संवादांतून आणि पूलेंक यांच्या १९५७ च्या ऑपेरातून ते पात्र सर्वदूर गेले. ब्लांशचा स्वभाव भित्रा आहे. खऱ्या छळाच्या या चित्रणात गर्जना नाही, थरकाप आहे. स्वतःच्या छळाची ग्वाही आत्मविश्वासाने, प्रसारयंत्रणेच्या साहाय्याने देणारा निवेदक आणि कोपऱ्यात लपणारी ब्लांश यांची तुलना केली, तर पहिल्याच्या अनुभवाचे स्वरूप वेगळे आहे हे सहज ध्यानात येते.

तिसरे साधन ऑगस्टीन यांचे. सोसलेली शिक्षा नव्हे, तर ती ज्या कारणासाठी सोसली ते कारण हौतात्म्य ठरवते, अशी त्यांची भूमिका होती. हा निकष आकर्षक आहे. परंतु तो त्यांनी उत्तर आफ्रिकेतील दोनातपंथी ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरला आणि त्या पंथावरील राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले, हे विसरता येत नाही. कारण योग्य की अयोग्य हे सत्ताधारी पक्षच ठरवू लागला, की निकष हत्यार बनतो. तेव्हा ‘तुमची वेदना छळ नव्हे’ हे विधान करणाऱ्याने आपण कोठे उभे आहोत, हेही तपासले पाहिजे.

६

छळाची व्याख्या केवळ राज्यसंस्थेपुरती मर्यादित ठेवणे कसे अपुरे आहे, हे मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतून दिसते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) किंवा लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ यांत छळणारे सरकार नाही. धर्मांतराला कायद्याने मज्जाव नव्हता. तरीही घर, पंगत, पाणवठा, नातीगोती यांच्या पातळीवरील तुटणे हा त्या अनुभवांचा गाभा आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर गुंतागुंत अशी की, १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुटण्याचे दुःख प्रथम त्यांच्या, म्हणजे हिंदू राहिलेल्या पत्नीच्या, वाट्याला आले. त्या दुःखाचे निवेदन त्या विनोदाला आणि स्वतःच्या फजितीला सोबत घेऊन करतात; कोणालाही खलनायक करीत नाहीत. छळ आणि जाच यांतील भेद तसेच त्यांची सरमिसळ या ग्रंथांतून जेवढी सूक्ष्मपणे कळते, तेवढी निकालपत्रांतून कळणे अवघड.

हा निकष हाती घेऊन पाश्चात्त्य देशांकडे पुन्हा पाहिले, तर एक वेगळाच ख्रिस्ती मनुष्य दृष्टीस पडतो. तो बहुसंख्याकांच्या चर्चमधील नसून धर्मांतरित निर्वासित आहे. ‘एफ. जी. विरुद्ध स्वीडन’ या प्रकरणात इराणमधून आलेल्या आणि स्वीडनमध्ये ख्रिस्ती झालेल्या गृहस्थाला परत पाठवण्याचा निर्णय झाला होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २३ मार्च २०१६ रोजी असे ठरवले की, त्याच्या धर्मांतराच्या परिणामांचे नव्याने मूल्यमापन न करता त्याला परत पाठवणे हे जीविताच्या आणि अमानुष वागणुकीविरुद्धच्या हक्काचे उल्लंघन ठरेल.

आद्य आकृतिबंध येथे परत येतो, पण उलटा होऊन. रोमन अधिकारी आरोपीला ख्रिस्ती असल्याचे नाकारण्यास सांगत असे. आश्रयाच्या कचेरीतील अधिकारी अर्जदाराला ख्रिस्ती असल्याचे सिद्ध करण्यास सांगतो. तेथे कबुलीने मृत्यू येई; येथे कबुलीवर विश्वास न बसल्यास तो संभवतो. प्रश्न विचारणारा अधिकारी अनेकदा त्याच देशाचा असतो, जेथील राजकीय व्यासपीठांवरून ख्रिस्ती वारशाच्या रक्षणाची आणि त्याच वेळी निर्वासितांना सीमेवर रोखण्याची मागणी एका श्वासात केली जाते. या मनुष्याला बहुधा आपल्याच स्थलांतरित बांधवांचा बहिष्कारही सोसावा लागतो. त्याची कथा क्वचितच सांगितली जाते, कारण ती सांगण्यासाठी लागणारी भाषा, वेळ आणि सुरक्षितता त्याच्याजवळ नसते.

७

या विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर पुढीलप्रमाणे देता येते. पाश्चात्त्य लोकशाही देशांत ख्रिस्ती समाजाचा समाज म्हणून राज्यसंस्थेकडून योजनाबद्ध छळ होत असल्याचे दिसत नाही. १९६७ मध्ये सर्व धर्माचरणावर बंदी घालणारा अल्बानिया किंवा १९८४ मध्ये फादर येझी पोपिएउश्को यांची ज्याच्या सुरक्षा दलातील माणसांनी हत्या केली तो पोलंड, ही युरोपचीच उदाहरणे समोर असताना, त्याच शब्दाने आजचा केकचा वा क्रूसाचा खटला संबोधणे हा त्या स्मृतीचाही अवमान आहे. परंतु धर्मद्वेषी हिंसा घडते. प्रशासकीय वैरभाव आढळतो. कायदा कधी अंतःकरणाच्या उंबरठ्यापर्यंत जातो. या प्रत्येकाला त्याचे नेमके नाव मिळणे आवश्यक आहे, आणि ‘छळ’ हे एकच नाव सर्वांना दिल्याने ते नेमके नाव हिरावले जाते.

तौलनिक साहित्याभ्यासाचे या प्रश्नातील कार्य निवाडा देण्याचे नाही. कोणती कथा कोणत्या जागेवरून सांगितली जात आहे, ते दाखवण्याचे आहे. एकच आकृतिबंध कॅथिड्रलातील साखळदंडाने बांधलेल्या ग्रंथात असू शकतो, कुंकळ्ळीच्या दोन स्मारकांत असू शकतो, निवडणुकीच्या भाषणात असू शकतो आणि स्वीडनमधील आश्रयाच्या अर्जातही असू शकतो. त्यांतील शेवटच्या संहितेचा निवेदक हाच बहुधा सर्वांत अडखळत बोलणारा असतो. वाचनाचा आरंभ त्याच्यापासून झाला, तर ‘रक्तसाक्षी’ या शब्दातील ‘साक्षी’चा अर्थ अधिक खरेपणाने उलगडेल.